गच्चीचा कठडा



गेल्या जानेवारीत धर्मशिक्षण वर्गाच्या मुलांची सहल गेली होती, ती आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. चार बस ठरवायच्या होत्या. तीन-चार ठिकाणी दर विचारले, त्यांत एका मालकाचा दर बाकीच्यांपेक्षा बराच कमी निघाला. पॅरिश कौन्सिलने तो आमच्यापुढे ठेवला आणि आम्ही लगेच होकार दिला. वाचलेल्या पैशांत मुलांना आईस्क्रीम देता येईल, असाही हिशेब झाला. सकाळच्या मिस्सानंतर बस चर्चच्या आवारात येऊन उभ्या राहिल्या. मुले चढेपर्यंत चारही इंजिने चालूच होती. निघताना शेवटच्या बसने असा काळा धूर सोडला, की निरोप द्यायला आलेल्या आया आणि आज्या पदर नाकाला लावून मागे सरल्या. एका मुलाला दम्याचा त्रास आहे म्हणून त्याच्या आईने औषधाचा पंप आमच्या हाती दिला होता. तो मुलगा नेमका त्याच बसमध्ये, मागच्या बाकावर बसला होता. संध्याकाळी परत येईपर्यंत पंप दोनदा वापरावा लागला.

त्या मुलाला त्रास त्या धुरानेच झाला, असे आम्ही छातीठोकपणे सांगू शकत नाही. थंडी होती, धूळ होती, मुले दिवसभर धावलेली होती. तरीही ती गोष्ट आमच्या मनातून गेली नाही. पुढच्या रविवारी प्रवचनात आम्ही ओझरते म्हणून गेलो, की ज्या गाडीचा धूर दुसऱ्याच्या छातीत जातो ती तशीच चालवणे हा शेजाऱ्याविरुद्ध केलेला अपराध आहे.

मिस्सा संपल्यावर आपल्याच धर्मग्रामातील एक गृहस्थ भेटायला आले. त्यांचा स्वतःचा एक ट्रक आहे आणि बहुतेक वेळा ते स्वतःच तो चालवतात. ते म्हणाले, "फादर, रागावू नका, पण एक विचारतो. माझी गाडी २०१४ ची. भिवंडीहून माल भरायचा आणि वापीला टाकायचा, हाच माझा धंदा. गाडी धूर सोडते, मला मान्य आहे. पण माझ्या गाडीच्या धुराने कोण मेलं, त्याचं एक नाव मला सांगा. सांगितलंत तर उद्याच्या उद्या गाडी विकतो."

आम्हाला नाव सांगता आले नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना कारण आणि कार्य यांच्या संबंधावर आम्ही परीक्षा दिल्या आहेत, पण इतका नेमका प्रश्न कधी पेपरात आला नव्हता. त्या गृहस्थांना आम्ही सांगितले, "थोडा वेळ द्या, विचार करून सांगतो." आजचे हे पान म्हणजे त्यांना दिलेले उत्तर आहे, आणि ते आपल्या सर्वांसाठी आहे.

आधी धुराविषयी थोडे. डिझेल इंजिनातून मुख्यतः दोन अपायकारक गोष्टी बाहेर पडतात. एक काजळी. डिझेल पुरते जळत नाही तेव्हा कार्बनचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो. हे कण बहुतेक एका मायक्रॉनहूनही लहान असतात. नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत. ते फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि त्यांतले काही रक्तातही उतरतात. दुसरी गोष्ट म्हणजे नायट्रोजनची ऑक्साइडे. इंजिनातल्या प्रचंड उष्णतेत हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन ती बनतात. डोळ्यांना ती फारशी दिसत नाहीत, पण श्वासनलिकेला त्रास देतात आणि पुढे हवेत त्यांच्यापासून आणखी सूक्ष्म कण तयार होतात. म्हणून ज्या गाडीचा धूर काळा दिसत नाही ती निर्दोष, असेही समजू नये.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ साली डिझेलच्या धुराने माणसाला कर्करोग होण्याचा संभव आहे, असे म्हटले होते. जून २०१२ मध्ये तिने 'संभव' हा शब्द काढून टाकला आणि धूर निश्चितपणे कर्करोगकारक असल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी अमेरिकेतील आठ खाणींच्या १२,३१५ कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. जमिनीखाली डिझेलच्या यंत्रांजवळ ज्यांनी अधिक धूर घेतला, त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू अधिक होते. मात्र अमुक कामगार अमुक यंत्राच्या धुराने गेला, असे तो अभ्यास सांगू शकला नाही. कोणताच अभ्यास ते सांगू शकणार नाही. माणसे मरतात हे नक्की, पण कोणी मारले याला नाव नाही.

इथेच आपल्या सदसद्विवेकाची अडचण होते. लहानपणापासून आपण अपराध शिकतो तो काइन आणि हाबेल यांच्या गोष्टीतून. मारणारा एक, मरणारा एक, जागा ठाऊक आणि हेतूही ठाऊक. पापनिवेदनाला आपण जातो तेव्हा मनाशी हाच हिशेब असतो: मी कोणाला दुखावले, कोणाचे घेतले, कोणाशी खोटे बोललो? धुराच्या बाबतीत काइन सापडतच नाही. महामार्गावरून दिवसाला हजारो गाड्या जातात. त्यांतली एक कमी झाली तर हवेत काही फरक पडला, असे कोणालाच जाणवणार नाही. मग प्रत्येक मालक प्रामाणिकपणे म्हणू शकतो, की माझ्यामुळे काही झाले नाही. हजार जणांनी हे वाक्य म्हटले तरी प्रत्येकाचे वाक्य खरे वाटते, आणि महामार्गालगतच्या पाड्यावर एक बाई खोकतच राहते.

पण हे वाक्य खरोखर खरे आहे का? आपल्या वाडीतल्या बावखलाचे उदाहरण घेऊ. एकाने कोपऱ्यात घमेलाभर राबीट टाकले. घमेलाभर राबिटाने बावखल बुजत नाही. दुसऱ्याने टाकले, तिसऱ्याने टाकले. कोणाच्याच घमेल्याने बावखल बुजले नाही आणि तरी काही वर्षांनी तिथे सपाट जमीन झाली. वसईतली कितीतरी बावखले अशीच गेली. 'माझा वाटा लहान आहे' आणि 'माझा वाटाच नाही' ही दोन वेगळी वाक्ये आहेत. आपण सोयीसाठी पहिल्याच्या जागी दुसरे म्हणतो. लहान वाट्याचा दोष लहान असेल, पण तो शून्य नसतो. आणि जो रोज, वर्षानुवर्षे टाकतो, त्याचा वाटा लहानही राहत नाही.

यावर कोणी म्हणेल, फादर, पण हेतू कुठे आहे? ट्रकवाल्याला कोणाला इजा करायची नाही, त्याला पोट भरायचे आहे. हे अगदी बरोबर आहे. म्हणूनच जुन्या करारातल्या दोन लहानशा नियमांकडे आपले लक्ष वेधावेसे वाटते. ते मिस्सात क्वचितच वाचले जातात.

पहिला नियम निर्गमच्या पुस्तकात आहे. एखाद्याच्या बैलाने माणसाला शिंग मारून ठार केले तर बैलाला मारावे, मालक निर्दोष समजावा. मात्र बैल मारका आहे हे आधीपासून ठाऊक असेल, मालकाला तशी ताकीद दिलेली असेल आणि तरीही त्याने बैल बांधून ठेवला नसेल, तर मालकही दोषी. बैल तोच, शिंग तेच, मरणाराही तसाच. फरक एवढाच, की मालकाला आता ठाऊक होते. त्याच्या मनात वाईट हेतू होता का, हे नियम विचारतच नाही. तुला सांगितले होते का, एवढेच तो विचारतो. डिझेलच्या धुराबाबत आपल्याला १९८८ साली सांगितले गेले आणि २०१२ साली ठणकावून सांगितले गेले. त्यापूर्वीच्या पिढीला जी सूट होती ती आपल्याला नाही.

दुसरा नियम अनुवादच्या बाविसाव्या अध्यायात आहे. नवे घर बांधशील तेव्हा गच्चीला कठडा बांध, म्हणजे कोणी वरून पडल्यास त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येणार नाही, असा त्याचा आशय आहे. त्या देशात घरांची छपरे सपाट असत. लोक तिथे धान्य वाळवत, उन्हाळ्यात झोपत. कठडा बांधणाऱ्याला कोण पडणार आहे ते ठाऊक नसते. कदाचित कधीच कोणी पडणार नाही. कदाचित तीस वर्षांनी, घर विकून झाल्यावर, कोणा अनोळखी पाहुण्याचे मूल धावत कडेला येईल. त्या मुलाचे नाव मालकाला कधी कळणार नाही आणि कठड्यामुळे आपण वाचलो हे त्या मुलालाही कळणार नाही. तरीही कठडा बांधायचा.

आपल्या त्या धर्मग्रामस्थांना आमचे उत्तर हेच आहे. तुमच्या धुराने कोण मेले त्याचे नाव आम्ही देऊ शकत नाही. पण तुमच्या स्वतःच्या घराच्या गच्चीला तुम्ही कठडा बांधला आहे, तो काही कोणी पडल्यानंतर त्याचे नाव विचारून बांधलेला नाही. नाव नसलेल्या शेजाऱ्यावर प्रेम करण्याची रीत अशीच असते. दयाळू शोमरोनीला वाटेत पडलेला माणूस समोर दिसला होता. आपल्याला तो दिसत नाही, एवढाच फरक. न दिसणाऱ्या शेजाऱ्यासाठी आपल्या हातात एकच साधन असते, ते म्हणजे सर्वांना सारखा लागू होणारा नियम.

'नियम' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आरटीओची रांग आणि दंडाची पावती येते. संत थॉमस अ‍ॅक्विनास यांनी तेराव्या शतकात कायद्याविषयी लिहिताना चार गोष्टी सांगितल्या. कायदा विवेकातून आलेला असावा, सर्वांच्या हितासाठी असावा, समाजाची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याने केलेला असावा आणि लोकांना जाहीर केलेला असावा. प्रत्येक दुर्गुणाच्या मागे कायद्याने लागू नये, पण ज्यामुळे इतरांना इजा होते आणि ज्याला आवर घातल्याशिवाय समाज टिकणार नाही तिथे कायद्याने यायलाच हवे, असेही त्यांचे मत होते. गाडीच्या धुराला हे सारे लागू पडते.

त्याहून एक महत्त्वाची गोष्ट आहे. कित्येकदा नियम नसेल तर चांगल्या माणसाला चांगले वागणेच शक्य होत नाही. २००० साली आपल्या देशातील डिझेलमध्ये दहा लाख भागांत २,५०० भागांपर्यंत गंधक चालत असे. धूर गाळणारे आणि निष्प्रभ करणारे आधुनिक साहित्य अशा गंधकाने निकामी होते. म्हणजे एखाद्या धर्मभीरू मालकाने कर्ज काढून उत्तम इंजिन आणले असते, तरी पंपावर मिळणाऱ्या डिझेलने ते बिघडले असते. स्वच्छ डिझेल एकट्यापुरते विकत मिळत नाही. सगळ्या तेलशुद्धीकरण कारखान्यांना एकाच वेळी बदलावे लागते. टप्प्याटप्प्याने ते घडले. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ मानक लागू झाले आणि डिझेलमधले गंधक दहा लाखांत १० भागांवर आले. २०१० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-३ मध्ये मोठ्या इंजिनाला ठरावीक कामामागे जेवढी काजळी सोडता येत असे, तिच्या दहाव्या हिश्श्यावर बीएस-६ ने मर्यादा आणली. नायट्रोजनच्या ऑक्साइडांची मर्यादा सुमारे बाराव्या हिश्श्यावर आली. काजळी अडवणारी आणि पुन्हा जाळून टाकणारी जाळी, तसेच ज्याला चालक मंडळी नुसते 'युरिया' म्हणतात तो द्रव, हे दोन्ही त्यासाठीच आले. एकट्याच्या सद्गुणाने हे कधीच झाले नसते.

धंद्यातल्या स्पर्धेचेही तसेच आहे. एका मालकाने गाडी नीट ठेवली आणि शेजारच्याने ठेवली नाही, तर शेजारचा कमी भाड्यात माल उचलतो आणि प्रामाणिक माणूस बुडतो. नियम सर्वांना सारखा असेल तरच प्रामाणिक माणसाला धंद्यात उभे राहता येते. नियम म्हणजे सदसद्विवेकाला पर्याय, असे अनेकांना वाटते. आम्हाला वाटते, सदसद्विवेकाला पाय टेकायला जागा मिळते ती नियमामुळे.

अर्थात नियम करणे सोपे नसते. दिल्लीचे उदाहरण घ्या. अ‍ॅड. एम. सी. मेहता यांनी १९८५ साली केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै १९९८ रोजी आदेश दिला, की ३१ मार्च २००१ पर्यंत दिल्लीतल्या सर्व शहर बस सीएनजीवर आणाव्यात. मुदत आली तेव्हा तयारी झालेली नव्हती. बस कमी पडल्या, लोक थांब्यांवर ताटकळले, गॅसच्या पंपांवर लांबच लांब रांगा लागल्या. मुदत वाढवावी लागली. ५ एप्रिल २००२ रोजी न्यायालयाने डिझेल बसला दिवसाला ५०० रुपये आणि महिन्यानंतर १,००० रुपये दंड लावला. त्या वर्षाच्या अखेरीस डिझेलच्या शहर बस दिल्लीतून गेल्या. याच काळात डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने वेगळा विचार मांडला होता: सरकारने अमुकच इंधन वापरा असे सांगू नये, धुराची मर्यादा ठरवावी आणि ती कशी पाळायची हे बनवणाऱ्यांवर सोडावे. आपल्या भाषेत सांगायचे तर कठड्याची उंची सांगा, तो विटांचा की लोखंडाचा हे मालकाला ठरवू द्या. पुढे देशाने साधारण हाच मार्ग धरला. न्यायालयाला मात्र तोवर वाट पाहणे मान्य नव्हते, कारण मुले रोज श्वास घेत होती. दोन्ही बाजूंनी विवेकाने विचार केला होता, असे आज मागे पाहताना वाटते. आणि एवढे करूनही गाड्यांची संख्या वाढत गेली, दिल्लीची हवा पुन्हा बिघडली. एकदा बांधलेल्या कठड्याकडेही पुन्हा पुन्हा पाहावे लागते.

आता त्या गृहस्थांच्या बाजूने बोलू, कारण त्यांचीही बाजू आहे. आपल्या देशात बहुतेक ट्रक एक-दोन गाड्यांच्या लहान मालकांचे आहेत. नवी गाडी घेणे म्हणजे आयुष्यभराचे कर्ज. आणि त्यांच्या ट्रकमध्ये असते काय? आपल्या घरातली लादी, आपल्या मुलांचे कपडे, आपल्या किराणा दुकानातला माल. आपली फुले आणि भाजीही टेम्पोनेच बाजाराला जाते. भाडे ठरवताना आपण रुपया-रुपयासाठी घासाघीस करतो आणि धुराचा दोष मात्र सगळा ट्रकवाल्यावर टाकतो. आम्ही स्वतः सहलीची बस ठरवताना हेच केले. तो स्वस्त दर स्वस्त नव्हताच. उरलेली किंमत त्या मुलाने पंपाच्या दोन झटक्यांत चुकवली, असे आम्हाला वाटत राहते.

आणखी एक आठवण. २९ मार्च २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की १ एप्रिलपासून बीएस-३ गाड्या विकता येणार नाहीत. कंपन्यांकडे सुमारे ८ लाख २४ हजार गाड्या पडून होत्या. त्यांत हजारो ट्रक-बस होत्या, पण बहुतेक दुचाक्या होत्या. न्यायालयाने कंपन्यांच्या नफ्यापेक्षा लोकांचे आरोग्य मोठे मानले. पुढच्या दोन दिवसांत काय झाले? दुकानांनी भरमसाट सूट दिली आणि लोकांनी रांगा लावून त्याच गाड्या घेतल्या. त्या रांगांत आपल्यातलेही कोणी असतील. कायदा मोडला नाही, मुदतीच्या आत घेतल्या. पण कायदा ज्याच्यासाठी होता त्याकडे पाठ फिरवली.

अक्षर पाळायचे आणि आशय सोडायचा, ही सवय जुनी आहे. प्रभू येशूने परूश्यांना जे कठोर शब्द ऐकवले ते याचसाठी. अमेरिकेत १९९८ साली मोठ्या डिझेल इंजिनांच्या सात उत्पादकांवर सरकारने कारवाई केली. सुमारे १३ लाख इंजिनांत संगणकाची अशी व्यवस्था होती, की तपासणीत धूर मर्यादेत राहावा आणि महामार्गावर गाडी सरळ धावू लागली की इंधन वाचावे, मग नायट्रोजनची ऑक्साइडे मर्यादेच्या तिप्पट झाली तरी चालतील. ८ कोटी ३४ लाख डॉलरचा दंड झाला. बाहेरून चुना लावलेल्या कबरीचा दृष्टांत आपल्याला ठाऊकच आहे.

आपल्याकडे एवढा संगणक लागत नाही. गाडी न तपासता पीयूसीचा कागद मिळतो. डिझेल गाडीच्या पीयूसीत धूर किती दाट आहे एवढेच मोजले जाते. नायट्रोजनची ऑक्साइडे त्यात मोजलीच जात नाहीत. आणि आपण तेवढेही खरे करत नाही. युरियाचा खर्च वाचवायला यंत्रणेला फसवणारी खोटी उपकरणे बसवली जातात. पूर्वी डिझेलमध्ये रॉकेलची भेसळ सर्रास चाले. ती किती मोठी होती हे महाराष्ट्राने २५ जानेवारी २०११ रोजी पाहिले. मनमाडजवळ तेलाचा काळाबाजार पकडायला गेलेले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. त्यांचे नाव आपल्याला ठाऊक आहे. धुराने गेलेल्यांची नावे ठाऊक नाहीत. पण ज्या लोभाने सोनवणे यांचा जीव घेतला, त्या लोभाची एक लहानशी फांदी आपल्या खोट्या पीयूसीपर्यंत येते, हे विसरून चालणार नाही.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात वाहतुकीच्या आणि कारखान्यांच्या धुराचा उल्लेख केला आणि त्याचा मार गरिबांवर अधिक पडतो याकडे लक्ष वेधले. आपल्या डोळ्यांसमोरही तेच आहे. बंद काचेच्या गाडीत बसलेल्याला तो धूर कमी लागतो. नाक्यावर उभा वाहतूक पोलीस, टोलवरचा मुलगा, रस्त्याकडेला भाजी विकणारी बाई आणि सर्वांत आधी स्वतः ट्रकचा चालक, हे तो जास्त घेतात. आपले ते गृहस्थ ज्याचे नाव विचारत होते, त्या यादीत पहिले नाव कदाचित त्यांचेच असेल. हे आम्ही त्यांना धमकी म्हणून सांगत नाही, काळजी म्हणून सांगतो.

मग करायचे काय? पॅरिश कौन्सिलशी बोलून आम्ही काही गोष्टी ठरवल्या आहेत. यापुढे सहल, तीर्थयात्रा किंवा मुलांच्या शिबिरासाठी बस ठरवताना गाडीचे कागद पाहिले जातील आणि बीएस-६, सीएनजी किंवा विजेवरचीच बस घेतली जाईल. दर वाढेल. ज्या कुटुंबांना तो झेपणार नाही त्यांचा फरक धर्मग्रामाच्या निधीतून दिला जाईल. त्यासाठी सणाच्या रोषणाईचा खर्च थोडा कमी करू. बांद्र्याच्या जत्रेला लोकलने जाता येते, तेव्हा जाऊ. चर्चच्या आवारात उभ्या गाडीचे इंजिन बंद ठेवावे. लग्नाची बस, पाण्याचा टँकर, रेतीचा ट्रक, सर्वांना हे लागू राहील. आणि ज्यांच्या स्वतःच्या गाड्या आहेत अशा धर्मग्रामस्थांची एक बैठक पुढच्या महिन्यात घेऊ. गाडीची दुरुस्ती किंवा नवी गाडी यांसाठी कमी व्याजाने कर्ज मिळावे म्हणून सहकारी बँकेकडे सर्वांनी मिळून जाऊ. कठड्याची सक्ती करायची आणि विटांचे पैसे एकट्या गरिबाने द्यायचे, हा न्याय नाही.

याने महामार्गाची हवा बदलणार नाही, हे आम्हालाही कळते. आपला वाटा लहान आहे. पण १९८० च्या दशकाच्या अखेरीस दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली, तेव्हाही एकेका माणसाचा वाटा लहानच होता. त्या वेळी आपले आई-वडील विहिरींच्या पाण्यासाठी रस्त्यावर उतरले. पाणी निदान विहिरीत दिसत होते. हवा दिसत नाही, म्हणून तिच्यासाठी उतरायला थोडा अधिक विश्वास लागेल.

हे लिहून झाल्यावर आम्ही त्या गृहस्थांना बोलावून वाचून दाखवले, कारण त्यांच्याविषयी त्यांच्या माघारी लिहिणे बरे दिसले नसते. त्यांनी शांतपणे ऐकले. गाडी त्यांनी विकलेली नाही आणि आम्हीही तसे म्हटले नाही. विकली तर दुसरा कोणी तीच चालवील. मात्र त्यांनी पंप आणि नोझल काढून नीट करून घेतले आहेत. म्हणाले, "धूर कमी झालाय फादर, आणि डिझेलही थोडं वाचतंय." जाता जाता दारात थांबून त्यांनी विचारले, "बँकेच्या त्या बैठकीला मी चार जणांना घेऊन येऊ का?"

आम्ही म्हटले, अवश्य या. आपण सर्वांनीच यावे. आपल्या गच्चीवरून जो कधी पडणार नाही आणि ज्याचे नाव आपल्याला कधी कळणार नाही, त्या शेजाऱ्यासाठी प्रभू आपल्याला थोडी बुद्धी आणि थोडा खर्च करण्याचे धैर्य देवो.

प्रभूमध्ये आपले,
प्रमुख धर्मगुरू